वहीत बघ, माझ्या तोंडाकडे नको: आठवीतल्या एका मुलाची केस

ही केस लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं पण टाळत होते, कारण यातले पहिले दीड महिने चूक माझीच होती आणि ती लिहिल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. मी गणिताच्या शिकवण्या घेते, सहावी ते दहावी, एका वेळी एकच मूल. हा मुलगा आठवीतला. नाव लिहीत नाही, ओळख पटेल असे तपशीलही गाळलेत.

त्याच्या आईचा पहिला फोन आला तेव्हा ती म्हणाली, "अहो मॅडम, तो हुशार आहे हो, फक्त कॉन्फिडन्स नाहीये. तेवढा आणून द्या, बाकी तो करेल." बहुतेक आईवडील हेच सांगतात. जसं काही कॉन्फिडन्स हे एक वेगळं औषध आहे, ते आधी चमचाभर पाजायचं आणि मग गणित आपोआप पचेल. आणि गंमत म्हणजे मलाही तेव्हा तसंच वाटायचं, म्हणजे तोंडाने मी तसं म्हटलं नसतं पण वागले अगदी तशीच.

पहिल्या दिवशी आला तो खुर्चीच्या कडेवर बसला, उजव्या हातात पेन्सिल, डाव्या हातात खोडरबर, आणि खोडरबर तासभर हातातून खाली ठेवलंच नाही. वहीचा कागद काही ठिकाणी खोडून खोडून भोक पडायला आलेला. शाळेतल्या शेवटच्या चाचणीत २० पैकी ९. काही विचारलं की आधी माझ्याकडे बघायचा, मग उत्तर, ते पण प्रश्नार्थक. "बारा?" असं. कुठलंच उत्तर पूर्णविराम देऊन नाही.

मी काय केलं, तर जे कुणीही केलं असतं ते. सोपी गणितं दिली, जमली की "शाब्बास", "बघ, येतंय की तुला", "हुशार आहेस तू, उगाच घाबरतोस". वहीत टिकाच टिका. तो हसायला लागला, खुर्चीवर नीट बसायला लागला, आई खूश, मी खूश. सहा आठवडे असं चाललं आणि मग शाळेत पुढची चाचणी झाली, त्यात २० पैकी ७.

आधी ९ होते. म्हणजे माझ्याकडे येऊन दोन मार्क गेले.

त्याचे बाबा फोनवर फार काही बोलले नाहीत, फक्त "बघू" म्हणाले, ते जास्त लागलं. आणि जास्त लागायचं दुसरं कारण म्हणजे "हुशार आहेस" म्हणण्याचा काय परिणाम होतो ते मी आधी वाचलेलं होतं. म्यूलर आणि ड्वेक या दोघींचा १९९८ चा अभ्यास आहे, त्यात मुलांनी काही कोडी सोडवल्यावर काहींना सांगितलं की तू हुशार आहेस आणि काहींना सांगितलं की तू मेहनत घेतलीस, तर हुशार म्हटलेली मुलं पुढे सोपं काम निवडायला लागली, कारण अवघड घेतलं आणि चुकलं तर हुशारी जाते ना. वाचलेलं असणं आणि समोर रडवेलं पोर बसलेलं असताना ते आठवणं यात खूप अंतर आहे.

तरी खरी चूक ती पण नव्हती. ती मला अपघातानेच कळली. एके दिवशी मला बाहेर जावं लागलं म्हणून क्लास फोनवर घेतला, व्हिडिओ काही केल्या लागेना, मग नुसत्या आवाजावर. मी गणित सांगितलं, २क्ष + ३ = ११, असली आम्ही आदल्या आठवड्यात पंधरा वीस सोडवली होती, सगळी बरोबर. तो म्हणाला, "२क्ष बरोबर ८. बरोबर?" मी गप्प होते, मुद्दाम नाही, मी नेमकी पिशवीतून पेन शोधत होते. दोन तीन सेकंद गेले असतील. लगेच तिकडून, "नाही नाही, थांबा, १४." मी अजून गप्प, आता जरा चकित होऊन. "नाही... ४ का?"

बरोबर उत्तर आलं होतं, पहिल्याच फटक्यात. मी गप्प राहिले म्हणून त्याने ते टाकून दिलं.

त्या रात्री मी आठवायला लागले की समोर बसल्यावर मी काय करते. त्याने बरोबर लिहिलं की माझी पेन्सिल आपोआप टिक करायला पुढे सरकते. चुकलं की मी "हंऽऽ" करते, किंवा भुवया वर जातात, किंवा मी पुढे वाकते. तो वहीकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता, आणि त्यात तो पटाईत होता. बर्लिनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हान्स नावाचा एक घोडा होता, बेरीज वजाबाकी करून खूर आपटून उत्तर द्यायचा आणि लोक गर्दी करायचे. १९०७ मध्ये ऑस्कार फुंगस्टने तपासून दाखवलं की घोडा विचारणाऱ्याची नकळत होणारी बारीकशी हालचाल बघून आपटायचं थांबायचा, आणि विचारणारा दिसेनासा केला की उत्तरं चुकायची. मालक लबाड नव्हता बरं का, त्याला मनापासून वाटत होतं की आपण घोड्याला गणित शिकवलंय. मी त्या मालकाच्या जागी होते. आणि शाळेच्या पेपरला माझा चेहरा समोर नव्हता, मग ७ येणारच.

एक मात्र सांगते, यात मुलाला काही लबाड बिबाड म्हणायचं कारण नाही. दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून उत्तर ओळखणं हे चार वर्षं वर्गात मागे पडलेल्या मुलाने जगायला शोधलेलं साधन असतं. ते काढून घ्यायचं तर हातात दुसरं काहीतरी द्यायला लागतं.

मग मी शिकवणं बंद केलं. तीन क्लास नुसतं ऐकलं. मी त्याच्या बाजूला आणि किंचित मागे बसायला लागले, म्हणजे माझा चेहरा दिसणार नाही, आणि त्याला म्हटलं तू तोंडाने बोलत बोलत सोडव, चूक बरोबर मी काहीच सांगणार नाही, मला फक्त तू काय विचार करतोस ते ऐकायचंय. पहिला क्लास भयंकर गेला. दुसऱ्यात तो बोलायला लागला. आणि जे बाहेर आलं ते असं.

८ + ४ = □ + ५ असं दिलं तर चौकटीत १२ लिहिले. मी विचारलं त्या ५ चं काय, तर म्हणाला "ते पुढचं", आणि त्याच्यापुढे = १७ लिहून मोकळा. म्हणजे बरोबरचं चिन्ह त्याच्यासाठी "आता उत्तर लिहा" असा हुकूम होता, दोन्ही बाजू सारख्या आहेत हा अर्थ नव्हताच. हा प्रश्न शिक्षणाच्या संशोधनात चांगलाच प्रसिद्ध आहे, प्राथमिकच्या मुलांना दिला की १२ किंवा १७ हीच उत्तरं ढिगाने येतात. पण आठवीत येईपर्यंत ते तसंच राहू शकतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही, हे मला नवीन होतं. आता ज्याला = चा हा अर्थ माहीत आहे त्याला समीकरण म्हणजे काय वाटत असेल विचार करा.

१/२ + १/३ बरोबर २/५. वरचं वरती मिळवलं, खालचं खालती.

−३ − ५ बरोबर ८, कारण "दोन मायनस मिळून प्लस होतं". हे वाक्य त्याला कुणीतरी गुणाकाराच्या वेळी सांगितलं होतं, याने ते सगळीकडे वापरलं.

आणि ३क्ष = १२ मध्ये, "३ पलीकडे नेला की चिन्ह बदलतं", म्हणून क्ष = १२ − ३ = ९. हे ऐकून मी खरंच कपाळाला हात लावला, कारण तो नियम पाळत होता! अगदी प्रामाणिकपणे. नियमच अर्धवट होता.

तीन दिवसांनी माझ्या वहीत जे जमा झालं त्यात निष्काळजीपणाची चूक जवळजवळ एकही नव्हती. प्रत्येक चुकीमागे एक नियम. आणि ते नियम कधी चालायचे, कधी नाही, कधी चालतील हे त्याला कळायचा काही मार्ग नव्हता. स्वतःवर विश्वास नाही म्हणे. असल्या नियमांवर मीही विश्वास ठेवला नसता. त्याची भीती हा काही गैरसमज नव्हता, ते अगदी अचूक निदान होतं, आणि आम्ही सगळे मिळून त्याला सांगत होतो की तुझं निदान चुकलंय, तुला येतं, तुला येतं. बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलंय की आपल्याला जमेल हा विश्वास सगळ्यात जास्त कशातून येतो तर स्वतः केलेलं जमलं या अनुभवातून, आणि दुसऱ्याने "जमेल रे तुला" सांगितल्याचा परिणाम त्यामानाने कच्चा, एका अपयशात उडून जातो. माझे सहा आठवडे एका चाचणीत उडाले तसे.

(इथे एक गोष्ट, मी याच्या आधी हेही बघितलं की वाचताना अडखळतो का, आकडे उलटे लिहितो का, फळ्यावरचं दिसतं का. तसं काही वाटलं असतं तर मी आईला तज्ज्ञाकडे तपासणी करायला सांगितलं असतं, शिकवणीवाल्या बाईने सगळ्यावर आपलेच प्रयोग करू नयेत.)

तर हातात दुसरं साधन काय द्यायचं. उत्तर जुनंच निघालं, आपल्या सगळ्यांना शाळेत शिकवलेलं, ताळा. पण ताळ्याची शाळेत काय अवस्था आहे माहितीये ना, गणित संपलं की खाली एक ओळ, "डा. बा. = उ. बा." (डावी बाजू = उजवी बाजू), चौकट, खेळ खल्लास. त्याच्या वहीत चुकलेल्या गणितांखाली सुद्धा डा. बा. = उ. बा. लिहिलेलं होतं! किंमत घालून बघितलीच नव्हती, ती ओळ म्हणजे पत्राखाली "आपला विश्वासू" लिहितात तशी.

मी नियम केला. "बरोबर का?" हा प्रश्न मला विचारायचा नाही. विचारायचा असेल तर आधी ताळा करायचा आणि मग सांगायचं, "मॅडम, हे बरोबर आहे, कारण" किंवा "हे चुकलंय, कारण". चुकलंय हे स्वतः शोधून काढलं तरी मी त्याला पूर्ण टिक देणार.

समीकरणाला ताळा सोपा, किंमत घाला आणि बघा. तराजूचं चित्र काढून = चा अर्थ परत बसवला, आणि "पलीकडे नेणं" हे शब्द महिनाभर बंद, त्याऐवजी "दोन्हीकडून ३ काढ", "दोन्हीकडे ३ ने भाग" असंच म्हणायचं. ३क्ष = १२ चं त्याचं ९ त्याने स्वतःच घालून बघितलं, ३ गुणिले ९, सत्तावीस, आणि मग बराच वेळ काहीच बोलला नाही. मीही नाही.

अपूर्णांकाला ताळा म्हणजे आधी अंदाज. आम्ही कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या कापल्या, दुमडल्या, रंगवल्या, आठवीच्या मुलाला हे बालिश वाटेल अशी मला भीती होती पण त्याला आवडलं, किंवा निदान पट्ट्या कापताना माझ्याकडे बघायला लागत नव्हतं म्हणून बरं वाटलं असेल. १/२ + १/३ परत दिलं. परत २/५ लिहिलं. मी म्हटलं पट्टीवर दाखव. २/५ ची पट्टी अर्ध्या पट्टीशेजारी ठेवली तर ती छोटी. तो बघतच राहिला आणि म्हणाला, "अर्ध्यात अजून मिळवलं आणि कमी कसं झालं?" हे वाक्य मी त्या दिवशी तारीख घालून लिहून ठेवलंय, कारण इतक्या महिन्यांत त्याने गणिताला विचारलेला हा पहिला प्रश्न होता. आत्तापर्यंतचे सगळे प्रश्न मला होते.

वजा संख्यांना लिफ्ट वापरली, तळघराच्या तिसऱ्या मजल्यावरून अजून पाच मजले खाली, कुठे पोचलास. बेरीज वजाबाकीला चालते, गुणाकाराला ती लिफ्ट काही उपयोगाची नाही, तिथे ३ × −२, २ × −२, १ × −२ असा क्रम लावत लावत खाली गेलो. ते जमायला वेळ लागला, जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही.

हे सगळं वाचायला छान वाटतंय, पण नियम केल्यानंतरचे पहिले दोन आठवडे मी त्याच्या दृष्टीने दुष्ट बाई होते. एकदा वही मिटून बसला, "तुम्ही सांगतच नाही काही, मग मी येतो कशाला". रास्त प्रश्न. मला कळलं की मी एकदम टोक गाठलं, आधी सगळं चेहऱ्याने सांगत होते, आता काहीच नाही. मग मदतीच्या पायऱ्या ठरवल्या, आणि त्या त्याला उघड सांगितल्या. अडकलास की पहिली मदत म्हणजे प्रश्न मोठ्याने वाच. दुसरी, काय दिलंय आणि काय काढायचंय ते लिही. तिसरी, मी तसंच पण वेगळ्या आकड्यांचं एक गणित सोडवून दाखवते. चौथी, तुझ्या गणिताची पहिली ओळ मी लिहीन. पाचवी पायरी नाही. आणि त्यानेच सांगायचं, "मॅडम, दोन नंबर द्या". हे "दोन नंबर द्या" फार कामाचं निघालं, कारण "मला येत नाही" म्हणण्यापेक्षा ते म्हणायला सोपं असतं. बऱ्याचदा एक नंबरवरच काम व्हायचं, मोठ्याने वाचता वाचता "अच्छा" यायचं.

आणि थांबणं. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांमध्ये मोजून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात, आणि तेच तीन सेकंदांच्या पुढे नेलं तर मुलांची उत्तरं लांब आणि जास्त विचार केलेली येतात. तीन सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. करून बघा. मी मनात आकडे मोजायचे, पाचपर्यंत, आणि चौथ्या आकड्याला तोंड उघडायची इतकी अनावर इच्छा व्हायची की मी पेनाचं टोपण दातात धरायला लागले.

एक प्रकार मी अंदाजाने सुरू केला आणि तो सगळ्यात उपयोगी पडला. प्रत्येक उत्तराशेजारी, ताळा करायच्या आधी, एक अक्षर लिहायचं, प म्हणजे पक्कं, ब म्हणजे बहुतेक, अं म्हणजे अंदाज. मार्क त्याला नाहीत, नुसतं लिहायचं. पहिल्या कागदावर १२ गणितं होती. ९ ना अं, एकाला ब, दोनच ना प. ताळा केल्यावर काय, अं वाल्या ९ पैकी ५ बरोबर. आणि प वाली दोन्ही चूक, दोन्ही वजाची, तोच तो "मायनस मायनस प्लस". मी कागद त्याच्यासमोर ठेवला आणि काहीच म्हटलं नाही. तो म्हणाला, "म्हणजे मला जिथे वाटतं येत नाही तिथे येतंय, आणि जिथे वाटतं येतं तिथेच..." आणि हसला, खरं हसू, मला खूश करायला हसायचा तसं नाही. त्या दोन चुका त्याने परत फारशा केल्या नाहीत. बटरफील्ड आणि मेटकाफ यांचा २००१ चा एक अभ्यास आहे तो याच्याशी जुळतो, खात्रीने दिलेलं उत्तर चुकलं की माणूस ते जास्त चांगलं दुरुस्त करून लक्षात ठेवतो, धक्का बसतो म्हणून असेल.

आणि बघा, कॉन्फिडन्स वाढवायचा म्हणून सगळे प वाढवायच्या मागे असतात. मला तर दोन प कमी करायचे होते आणि पाच अं चे ब करायचे होते. स्वतःला किती येतं हे स्वतःला नीट कळणं, मला वाटतं तेवढंच पुरतं.

चुकांची वही पण ठेवली, ते सगळेच सांगतात, त्यात नवीन काही नाही. मी मुद्दाम चुका करून त्याला शोधायला लावायचे, ते दोन दिवसांत त्याच्या लक्षात आलं आणि "मॅडम, नाटक करताय" म्हणाला, तेव्हा सोडून दिलं. नंतर एकदा मी खरंच चुकले, सातातून नऊ वजा करून दोन लिहिले घाईत, आणि त्याने पकडलं. त्या एका खऱ्या चुकीने जे झालं ते वीस खोट्यांनी झालं नव्हतं.

क्लासची सुरुवात आता नेहमी चार गणितांनी, वही बंद, दोन मागच्या आठवड्यातली, दोन मागच्या महिन्यातली. यावरून त्याच्या बाबांशी माझं थोडं वाजलं. त्यांचं म्हणणं सोडवलेली गणितं दहा वेळा वाचून काढायची, "आम्ही असंच केलं". मी त्यांना रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगाबद्दल सांगितलं, उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुढे होते, पण आठवड्याने घेतली तर न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. बाबा म्हणाले, "परीक्षा आठवड्यानेच असते ना?" म्हटलं तेच तर. पटलं की नाही माहीत नाही, पण दहा वेळा वाचायचं बंद झालं.

बाबांना मी अजून एक सांगितलं की क्लास चालू असताना शेजारच्या खोलीतून "काय, जमतंय का?" असं विचारू नका, आणि तीन महिने मार्क विचारू नका. पहिलं त्यांनी पाळलं. दुसरं अर्धं पाळलं, मार्कांऐवजी "पेपर कसा होता" विचारायचे, पण त्या आवाजात की मार्कच ऐकू यायचे. आईचं वेगळं होतं, ती त्याच्यासमोर सारखी म्हणायची, "मला पण कधी गणित जमलं नाही." तिला वाटायचं याने त्याला धीर येतो. मी तिला म्हटलं, अहो, याने तो असं ऐकतो की हे घराण्यातच आहे, आता काही इलाज नाही. तिला वाईट वाटलं ते दिसलं, मला जरा मऊ सांगता आलं असतं. मग तिला एक काम दिलं, रोज एक चुकलेलं गणित त्याने तिला समजावून सांगायचं, आणि तिने फक्त "का?" विचारायचं. ती म्हणाली मला नाही कळलं तर, मी म्हटलं मग तर फारच उत्तम.

परीक्षेची भीती हा वेगळा विषय, तो आम्ही चौथ्या महिन्यापर्यंत हातच लावला नाही, घड्याळ लावलंच नाही. अ‍ॅशक्राफ्ट या मानसशास्त्रज्ञाचं काम आहे यावर, गणिताची धास्ती असली की डोक्यातली तात्पुरती आकडे धरून ठेवायची जागा काळजीनेच भरून जाते, मग हातचा विसरतो, ओळ गळते. त्यावर परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली काळजी कागदावर लिहून काढायची असा एक उपाय आहे, काही प्रयोगांमध्ये चांगला ठरलेला, मी मोठ्या आशेने करून बघितला. याने दीड ओळ लिहिली आणि उरलेल्या वेळात कडेला एक मासा काढला. सोडून दिलं. त्याला जे चाललं ते त्याच्याच सवयीतलं होतं, पेपर हातात आला की पहिली दोन मिनिटं काही सोडवायचं नाही, प्रत्येक प्रश्नाशेजारी पेन्सिलने बारीक प, ब, अं लिहायचं, आणि प पासून सुरू करायचं. काहीतरी करायला मिळालं की हात थरथरायचा थांबतो म्हणाला.

मार्क सांगते, कारण तुम्ही तेच शोधत असाल. ७ नंतर ११, मग १०, मग १४, सगळे २० पैकी. मध्ये तो १० आहे ना, त्यावर घरी बरीच शांतता पसरली होती म्हणे. पण तो पेपर घेऊन आला तेव्हा मी काही विचारायच्या आत म्हणाला, "हे बघा, या तीन मार्कांचं मला तिथेच कळलं होतं चुकलंय, ताळा जुळतच नव्हता, पण वेळ संपला." मी शिकवायला लागल्यापासून २० पैकी १० वर इतकी खूश कधी झाले नसेन, आणि हे त्याच्या बाबांना कसं समजावायचं ते मला तेव्हाही कळलं नाही.

शाब्दिक उदाहरणं अजून कच्ची आहेत. समीकरण मांडल्यावर सोडवतो, मांडायलाच अडतो, आणि तिथे ताळा फसवा असतो, कारण चुकीचं मांडलेलं समीकरण पण आपल्या आपल्यात बरोबर जुळतं. त्यावर आम्ही आता उत्तर परत मूळ गोष्टीत घालून वाचतो, वडिलांचं वय मुलापेक्षा कमी आलं की थांब बाबा. आणि भूमिती सुरू झाली तेव्हा तर सगळं परत पहिल्यापासून. सिद्धतेला ताळा कसा करणार? पहिल्याच आठवड्यात तो परत मान वळवून माझ्याकडे बघायला लागला, मागे बसले होते तरी. मला आधी निराश व्हायला झालं, मग लक्षात आलं की बरोबरच आहे, साधन नसेल तिथे तो जुन्या साधनाकडे जाणार. मोजमाप घेऊन आकृती नीट काढणं, आणि प्रत्येक ओळीपुढे "का" लिहिणं, असं काहीतरी चालू केलंय. अजून बसलेलं नाही.

परवाचा क्लास. मी त्याला पुस्तकातली पाच समीकरणं दिली होती, मागे उत्तरं छापलेली असतात ती. चौथ्याला म्हणाला, "पुस्तकातलं उत्तर चुकलंय." माझ्या हिशोबाने पुस्तक बरोबर होतं, पण मी पेनाचं टोपण दातात धरलं. त्याने स्वतःचं उत्तर घालून बघितलं. जुळेना. पुस्तकातलं घालून बघितलं. तेही जुळेना, आणि मग मलाच शंका यायला लागली. तो मान खाली घालून पुटपुटत होता, प्रश्न पहिल्यापासून मोठ्याने वाचला, दोनदा, आणि मग "हॅत, हा ७ आहे, मी १ उतरवलाय," एवढं म्हणून एक रेघ मारली आणि खाली नव्याने मांडायला लागला. खोडरबर दप्तरातच होतं. मी टिक करायला पेन्सिल हातात धरून बसले होते, त्याने वर बघितलंच नाही.